इंफाळच्या विमानावरचा तांबडा ठिपका

प्रश्न : आमचे पणजोबा मराठा पलटणीत होते आणि १९४४ साली इंफाळच्या लढाईत लढले. माझ्या मुलाला त्या लढाईतलं हरिकेन विमान प्लास्टिकच्या किटमधून करायचं आहे. खोक्यावरच्या चित्रात पंखावरच्या गोलाच्या मधोमध तांबडा ठिपका आहे. ब्रह्मदेश आघाडीच्या जुन्या फोटोंत मात्र गोलाचा मधला भाग फिकट दिसतो. खरं काय मानायचं?
— एक वाचक, सातारा तालुका

उत्तर : फोटो खरा माना. खोक्यावरचं चित्रही खोटं नाही, पण ते बहुधा दुसऱ्या विमानाचं आहे. हरिकेनची बरीच किटं १९४० सालची, म्हणजे इंग्लंडवरच्या हवाई लढाईतली असतात. तुमच्या पणजोबांच्या डोक्यावरून गेलेलं विमान चार वर्षांनंतरचं आणि वेगळ्या आघाडीवरचं होतं.

ब्रिटिश विमानांची खूण म्हणजे निळं वर्तुळ, आत पांढरं आणि मधोमध तांबडं. जपानी विमानांची खूण म्हणजे नुसता तांबडा गोळा. जमिनीवरच्या तोफखान्याला किंवा समोरून येणाऱ्या वैमानिकाला आपला की परका हे ठरवायला एखाददुसरा क्षण मिळतो. त्या क्षणात डोळ्यांत भरतो तो तांबडा रंग, आणि आपल्याच माणसांच्या गोळीला आपलंच विमान बळी पडायचा धोका उभा राहतो. अमेरिकेने मे १९४२मध्येच आपल्या पांढऱ्या ताऱ्यातला तांबडा ठिपका काढून टाकला. भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर १९४३च्या मध्यापासून तसंच झालं. बाहेर गडद निळा आणि आत किंचित निळसर पांढरा, एवढेच दोन रंग गोलात उरले. शेपटीवरच्या उभ्या पट्ट्यातूनही तांबडा गेला. तेव्हा मुलाने किटमधले तांबड्या ठिपक्याचे डेकल (चिकटवायच्या खुणा) लावले, तर बाकी काम कितीही सुबक असलं तरी ते विमान इंफाळचं राहणार नाही, इंग्लंडमधल्या केंटच्या आकाशातलं होईल.

काहींना वाटतं, भारतीय हवाई दलाचं विमान म्हणजे केशरी-पांढरा-हिरवा गोल हवा. तो गोल २६ जानेवारी १९५० पासूनचा. १९४४ साली तो नव्हता.

आता विमान नेमकं कुणाचं करायचं? माझं मन पहिल्या स्क्वाड्रनकडे ओढ घेतं. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीला उभी राहिलेली भारतीय हवाई दलाची ही पहिली तुकडी फेब्रुवारी १९४४मध्ये हरिकेन घेऊन इंफाळला आली. तिचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग, वय २४. शत्रूच्या हालचाली टिपणं, रस्ते आणि पूल न्याहाळणं, दिसलेल्या ठाण्यांवर मारा करणं, अशी कामं या विमानांनी झाडांच्या शेंड्यांजवळून उडत केली. मार्चअखेर जपान्यांनी इंफाळचा जमिनीवरचा रस्ता तोडला, आणि वेढा जूनमध्ये फुटेपर्यंत खोऱ्यातल्या फौजेला विमानांचाच आधार होता. त्याच जूनमध्ये लॉर्ड माउंटबॅटन यांनी इंफाळला येऊन अर्जन सिंग यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस दिला. २००२ साली ते भारतीय हवाई दलाचे मार्शल झाले. इतकी चांगली कथा ज्या विमानामागे आहे ते आपल्या मुलांनी करावं, असं मला मनापासून वाटतं.

पणजोबांची बटालियन कोणती, हेही शोधा. घरात त्यांचं डिस्चार्ज बुक असेल तर त्यात ती असते. ते पाचव्या महरट्टा लाइट इन्फन्ट्रीच्या चौथ्या बटालियनमध्ये असतील, तर संगशाकच्या टेकडीवर असण्याची दाट शक्यता आहे. मार्च १९४४च्या शेवटच्या आठवड्यात ५०व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर या मराठ्यांनी तिथे जपान्यांना रोखून धरलं. त्या टेकडीवर पाण्याची टंचाई होती, आणि विमानांनी टाकलेल्या रसदीतली बरीचशी जपान्यांच्या बाजूला जाऊन पडत होती. २६ मार्चच्या रात्री उरलेल्यांना माघारीचा हुकूम मिळाला. पण तिथे गेलेल्या दिवसांमुळे इंफाळ आणि कोहिमाला तयारीला वेळ मिळाला. मुलाला ही टेकडी नकाशावर जरूर दाखवा.

त्या काळचा सातारा जिल्हाही त्याला सांगा. आजच्या सांगली जिल्ह्यातला वाळवा, तासगावचा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता, आणि तिथे क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. इंफाळच्या वेढ्यात पलीकडच्या बाजूला आझाद हिंद सेनाही होती. पणजोबा ब्रिटिशांच्या फौजेत लढत होते आणि त्यांचा जिल्हा ब्रिटिशांविरुद्ध उठला होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाला त्या नीट समजतात.

किट विकत घेण्याआधी खोक्यावर ‘मार्क टू सी’ लिहिलंय का ते पाहा. १९४०च्या हरिकेनला पंखांत ८ मशीनगन होत्या. टू सीला २० मिलिमीटरच्या ४ तोफा, आणि त्यांच्या नळ्या पंखांपुढे ठळक डोकावतात. आपल्याकडची धूळ इंजिनात जाऊ नये म्हणून बऱ्याच विमानांच्या नाकाखाली मोठा फिल्टर बसवलेला असे. तो सुटा भाग किटमध्ये हवा. धडाच्या मागच्या अर्ध्या भागावर लांब उभार रेषा दिसतील. तिथे लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेलं असे. पॉलिश पेपर मारताना त्या रेषा घासून सपाट करू नका, हरिकेनची ती ओळख आहे. आणि पंखांवर, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे असलेला हरिकेनचा फोटो सापडला, तर तो १९४५चा समजा. वेढ्याच्या वेळी ते पट्टे नव्हते.

प्रश्न : किटवर लिहिलेलं १:७२ हे प्रमाण असं विचित्र का? आणि परदेशी रंग महाग पडतात. कॅमलच्या रंगांनी काम भागेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : इंचाच्या हिशोबात ते अगदी सरळ आहे. ६ फूट म्हणजे ७२ इंच, म्हणून मॉडेलवरचा १ इंच म्हणजे खऱ्यातले ६ फूट. १९३०च्या दशकात इंग्लंडमधल्या लाकडी किटांनी हे प्रमाण रूढ केलं. पुढे महायुद्धात आपलं-परकं विमान आकारावरून ओळखायला शिकवण्यासाठी त्याच प्रमाणाची मॉडेलं हवी होती. अमेरिकेत १९४२ साली शाळकरी मुलांकडून अशी ५ लाख मॉडेलं करून घ्यायचं ठरलं. त्यांना रंगरंगोटी नव्हती. ती सरसकट काळी, कारण आकाशात उजेडाविरुद्ध विमानाचा फक्त आकार दिसतो.

दिवाळीच्या किल्ल्यात मावळा बुरुजाएवढा उंच असला तरी कुणाला खटकत नाही. या छंदात मात्र प्रमाणच सगळं आहे. हरिकेनच्या पंखांचा विस्तार १२.१९ मीटर, तेव्हा १:७२मध्ये तो जेमतेम १७ सेंटिमीटर भरला पाहिजे.

कॅमलचे अॅक्रिलिक रंग चालतात. नुसत्या प्लास्टिकवर ते धरत नाहीत, एवढंच लक्षात ठेवायचं. सुटे भाग आधी साबणाच्या पाण्याने धुवा, कारण साच्यातलं तेल त्यांवर राहिलेलं असतं. कॉकपिट आतून रंगवून घ्या, मग धड जोडा, सांध्यात पुट्टी भरा आणि ओल्या बारीक वॉटर पेपरने घासा. नंतर गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या करड्या प्रायमरचा पातळ स्प्रे मारा.

ब्रह्मदेश आघाडीच्या हरिकेनला वरून मातकट तपकिरी आणि गडद हिरव्याचे मोठे पट्टे असत, खालून मध्यम करडा. तपकिरीसाठी बर्न्ट अंबरमध्ये यलो ऑकर मिसळा, हिरव्यासाठी सॅप ग्रीनमध्ये थोडं काळं आणि थोडं अंबर. दोन्हींत चमच्याच्या टोकावर मावेल इतकं पांढरं घाला. छोट्या वस्तूवर खरा रंग खऱ्याहून गडद दिसतो, म्हणून ही खबरदारी. आधी खालचा करडा द्या. तो वाळला की मास्किंग टेप लावून वर सगळीकडे तपकिरी, आणि शेवटी त्यावर हिरवे पट्टे. एकच जाड हात देण्यापेक्षा पाणी घालून पातळ केलेले तीन-चार हात द्या, म्हणजे ब्रशच्या खुणा राहत नाहीत.

स्प्रेचं काम पावसाळ्यात टाळा, साताऱ्याच्या बाजूला तर नक्कीच. दमट हवेत वार्निश पांढरट पडतं. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम.

डेकल लावण्याआधी चकचकीत वार्निशचा एक हात द्या, नाहीतर त्याखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. वरच्या प्रश्नातल्यासारखं इंफाळचं विमान करायचं असेल आणि तांबडा नसलेले डेकल मिळत नसतील, तर गोल हातानेच रंगवता येतात. आधी फिकट निळसर पांढऱ्याचा ठिपका द्या. तो पूर्ण वाळला की मास्किंग टेपचा तेवढाच गोल कंपासच्या कटरने कापून त्यावर चिकटवा, आणि भोवती गडद निळं वर्तुळ भरा. टेप रंग अर्धवट ओला असतानाच उचला, म्हणजे कड फाटत नाही. शेवटी सगळ्यावर मॅट वार्निश. युद्धातलं विमान चकाकत नसे.