शाळेचा स्कर्ट घरीच शिवा, दोन वर्षे वापरा



शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत भाताची झोडणी संपली आणि म्हशाची यात्रा पार पडली की राब भाजणीची कामे सुरू होईपर्यंत घरातील स्त्रियांना थोडी उसंत मिळते. पुढे पेरणी, आवणी, बेणणी अशी कामे एकामागून एक येतात आणि जूनच्या मध्यास शाळाही उघडते. त्या धांदलीत मुलीचा गणवेश शिवून घ्यायला ना वेळ असतो, ना हाती पैसा. म्हणून हे काम आताच हातावेगळे करावे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीपर्यंत शासनाकडून मोफत गणवेश मिळतो. नववीला माध्यमिक शाळेत गेल्यावर मात्र बहुतेक घरांना तो स्वतः करावा लागतो. मुलीची शाळा अनेकदा नेमकी याच वयात सुटते. दर पावसाळ्यात चिखलाने माखणारा एकच स्कर्ट असेल, तर तो वाळला नाही म्हणून मुलगी घरी राहते. दुसरा स्कर्ट घरात असणे ही म्हणूनच हौस नव्हे, गरज आहे. तो शिवायला शिलाई यंत्र असलेच पाहिजे असे नाही. सुई, दोरा, कात्री, टेप आणि खडू एवढ्यावर काम भागते.

सुरुवातीस शाळेत चौकशी करावी. काही शाळांत सलवार-कमीज असते, तर काही ठिकाणी पाडलेल्या प्लेट्सचा स्कर्ट लागतो. येथे नेफा आणि चुण्या असलेल्या साध्या स्कर्टची पद्धत दिली आहे.

कापडाची निवड

सुती कापड अंगाला थंड, पण आटते आणि पावसात लवकर वाळत नाही. टेरिकॉट फारसे आटत नाही, लवकर वाळते आणि जास्त टिकते. रोजच्या शाळेसाठी टेरिकॉट बरे. दुकानात कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबून पाहावा. रंग उतरला तर ते कापड घेऊ नये. आपल्याच जिल्ह्यात भिवंडीला यंत्रमागांवर मोठ्या प्रमाणावर कापड विणले जाते. पण कापड कुठलेही असो, ही परीक्षा चुकवू नये.

आणलेले कापड रात्रभर पाण्यात भिजत घालावे, सावलीत वाळवावे, इस्त्री करावी आणि मगच कापावे. न भिजवता शिवलेला सुती स्कर्ट पहिल्याच धुण्यात आखूड होतो आणि सगळी मेहनत फुकट जाते.

मापे व हिशेब

दोनच मापे लागतात. एक कंबर, दुसरी कंबरेपासून हवी तेवढी उंची. टेप सैल नको आणि आवळूनही नको. समजा, कंबर २४ इंच आणि तयार स्कर्टची उंची २६ इंच हवी आहे. एका तुकड्याचा हिशेब असा:

तयार उंची – २६ इंच
नेफ्यासाठी – २ इंच
खालच्या दुमडीसाठी – अडीच इंच
वाढत्या उंचीसाठी दोन टक – ४ इंच
एकूण – साडेचौतीस इंच

३६ इंच पन्ह्याच्या कापडाचे असे दोन तुकडे जोडले की सुमारे ७० इंच घेर मिळतो. मुलीला बसची पायरी चढायला आणि बांध ओलांडायला तो पुरतो. दोन तुकड्यांना मिळून ६९ इंच कापड लागते. आटण्याची सोय धरून दोन मीटर कापड घ्यावे. उरलेल्या पट्टीतून नाडी निघते.

कापणी

कात्री लागलेले कापड परत पहिल्यासारखे होत नाही, म्हणून दोनदा मोजावे आणि एकदाच कापावे. कापडाचा एक आडवा दोरा ओढून काढावा आणि त्या रेषेवर कापावे. म्हणजे काप सरळ येतो आणि स्कर्ट एका बाजूला लोंबत नाही. पहिल्यांदाच शिवत असाल, तर जुन्या सुती साडीवर एकदा हात बसवून घ्यावा.

शिवण

१. दोन्ही तुकडे सुलट्या बाजू आत ठेवून जुळवावेत. दोन्ही अंगांना अर्धा इंच माया सोडून शिवावे. हाताने शिवताना उलटी टीप घालावी, ती धावदोऱ्यापेक्षा मजबूत असते. एका अंगाची शिवण वरून २ इंच सोडून सुरू करावी. तेथून नाडी बाहेर येईल.

२. वरची कड अर्धा इंच आत मोडावी, पुन्हा दीड इंच दुमडून कडेने टीप घालावी. हा झाला नेफा.

३. खालची कड अर्धा इंच मोडून पुन्हा २ इंच दुमडावी व तुरपाई करावी. टाके सुलट्या बाजूस दिसू नयेत.

४. आता टक. स्कर्टच्या आतल्या बाजूने खालच्या काठापासून ४ आणि ६ इंचांवर खडूने दोन रेषा आखाव्यात. एक रेषा दुसरीवर आणून त्यावर धावदोरा घालावा. दुमडीचे तोंड आत राहील आणि खाली पडेल असे पाहावे. दुसऱ्या टकासाठी साडेसात आणि साडेनऊ इंचांवर तसेच करावे. टकांना यंत्राची बारीक टीप घालू नये, ती उसवताना कापड फाटते.

५. उरलेल्या कापडाच्या २ इंच रुंदीच्या दोन पट्ट्या टोकाला टोक जोडाव्यात, चार पदरी दुमडून शिवाव्यात आणि सेफ्टी पिन लावून नेफ्यात ओवाव्यात. नाडी कंबरेपेक्षा किमान २० इंच लांब असावी.

टक केव्हा उसवावा

नववी-दहावीच्या मुलीची उंची अजून वाढत असू शकते, पण कंबर नाडीने सांभाळता येते. स्कर्ट आखूड वाटू लागला की खालचा टक उसवावा, उंची २ इंचांनी वाढते. पुढे गरज पडली तर दुसरा. आत दडलेले कापड जरा गडद दिसते. दोन-चार धुण्यांत फरक कमी होतो. उसवलेली घडी ओले फडके ठेवून इस्त्रीने दाबावी.

लक्षात ठेवा

कापण्याआधी कापड भिजवा. माया आणि टक धरूनच माप काढा. टक हातानेच घाला. गावात बचत गट असेल तर चार-पाच घरांनी मिळून एके दिवशी कापणी करावी. ज्यांना येते त्यांनी शेजारणीला शिकवावे, आणि मुलीलाही सोबत बसवावे. पुढच्या वर्षीचा टक तिचा तिलाच उसवता येईल. शिलाईचे वाचलेले पैसे तिच्या वह्या-पुस्तकांना उपयोगी पडतील.