हरवलेली ठकी कुठे गेली? : निबंधाच्या तासासाठी एक पाठ

'हरवलेल्या खेळण्याचे आत्मवृत्त' हा निबंध आपल्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पंचवीस वह्या तपासल्या तरी खेळणे एकच असते. ते दुकानात झळकते, कोणीतरी विकत घेते, मग हरवते, पावसात भिजते, रडते आणि शेवटी "मुलांनो, खेळणी नीट सांभाळा" असे सांगून मोकळे होते. यावरून मुलांना कल्पनाशक्ती नाही असे कोणी म्हणू नये. आपण त्यांना विषय देतो, पण खेळण्याला जायला रस्ता देत नाही. तो रस्ता दिला की काय होते, ते यंदा चौथी ते सहावीच्या वर्गांत तीन तासिकांत करून पाहिले. घरीही करता येईल म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या तासाला वही काढायचीच नाही. एक टब, पाणी आणि मुलांनी आणलेली जुनी खेळणी एवढे पुरे. लाकडी ठकी तरंगते. प्लॅस्टिकची मोटार आधी तरंगते, मग फटीतून पाणी शिरले की एका बाजूला कलते. चिंध्यांची बाहुली बराच वेळ पाणी पिते आणि मग बसते. पोळ्याचा मातीचा बैल भाजलेला असेल तर सरळ तळाशी जातो, कच्चा असेल तर तासाभरात गढूळ पाणी होतो. ज्याने बैल निवडला होता त्याचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणजे माझा बैल सगळ्यांत लांब जाणार, पाणी जाईल तिथपर्यंत." हे वाक्य त्याला टबाने दिले.

दुसऱ्या तासाला प्रश्न एकच: खेळणे नेमके कुठे पडले? "रस्त्यात" हे उत्तर चालत नाही. राजवाड्याजवळ पडले की चोरलच्या सहलीत? इंदूरकरांसाठी हा फरक फार मोठा आहे आणि बहुतेक मोठ्यांनाही तो ठाऊक नसतो. आपले शहर माळव्याच्या पठारावर, दक्षिणेच्या कडेपासून जवळच वसले आहे. शहरातले पावसाचे पाणी उत्तरेला जाते. राजवाड्याजवळच्या गटारात पडलेली ठकी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळून खान नदीत जाईल, उज्जैनजवळ क्षिप्रेत, पुढे चंबळेत, तिथून यमुनेत आणि प्रयागला गंगेत. म्हणजे बंगालचा उपसागर! पण तीच ठकी महूजवळ पातालपाणीच्या धबधब्यात पडली, तर ती चोरल नदीतून नर्मदेत जाईल, भरूचवरून खंभातच्या आखाताला, म्हणजे अरबी समुद्राला. दोन जागांत तासाभराचे अंतर आणि समुद्र दोन वेगळे.

नकाशावर बोट फिरवताना मुलांनी आणखी एक गोष्ट टिपली. ठकी कोणत्याही बाजूला पडली तरी वाटेत तिला अहिल्याबाईंचा घाट लागतोच. नर्मदेने गेली तर महेश्वरचा, गंगेने गेली तर काशीचा. पाठ आखताना मी हा विचार केला नव्हता. एका मुलीने तर थेट विचारले, "आपल्या नळाला नर्मदेचे पाणी येते ना? मग ते गटारातून खान नदीत जाते. म्हणजे नर्मदा गंगेला मिळते?" जलूदहून उपसून नर्मदेचे पाणी १९७८ पासून इंदूरला येते, सुमारे पाचशे मीटर वर चढवून. तेव्हा तिचे म्हणणे बरोबरच होते. भूगोलाचा जो भाग परीक्षेसाठी पाठ करून घ्यावा लागतो, तो येथे आपोआप आला.

रस्ता ठरला की अडथळे येतात, आणि गोष्ट तिथूनच सुरू होते. २०१६ च्या सिंहस्थासाठी खान नदीचे पाणी उज्जैनच्या घाटांना वळसा घालून पुढे सोडणारी पाइपलाइन टाकली गेली. ठकी नदीने गेली की नळीच्या अंधारात शिरली? चंबळेवर गांधीसागर, राणाप्रतापसागर, जवाहरसागर आणि कोटा बराज. चार ठिकाणी वाट अडलेली! दरवाजे केव्हा उघडतात? पुराच्या दिवसांत. मग ठकीने गांधीसागरच्या जलाशयात पुढच्या पावसाळ्याची वाट पाहत वर्ष काढले, असे तिघांनी लिहिले. कोट्याच्या पुढे चंबळेत घडियाल आहेत. घडियाल मासे खातो, त्याला लाकडी ठकीत रस नाही. "त्याने मला तोंडात धरले आणि थुंकून दिले" हे वाक्य त्या माहितीतूनच आले.

एका मुलाची मोटार मात्र नदीपर्यंत पोचलीच नाही. सकाळी कचरागाडी आली, मोटार सुक्या कचऱ्याच्या कप्प्यात गेली आणि देवगुराड्याला पोचली. तिथे वर्गवारी करणाऱ्या बाईंनी तिला बाजूला काढून ठेवले, घरी मुलासाठी. मला ही गोष्ट सगळ्यांत खरी वाटली. इंदूरमध्ये हरवलेल्या खेळण्याचा हाच प्रवास होण्याची शक्यता अधिक. "समुद्रापर्यंत का नेली नाहीस?" असे त्याला विचारायचा मोह शिक्षकांनी आवरावा.

समुद्रापर्यंत गेलेल्यांसाठी एक खरी हकीगत सांगितली. १० जानेवारी १९९२ रोजी हाँगकाँगहून अमेरिकेतील टॅकोमाकडे निघालेल्या जहाजावरून उत्तर पॅसिफिक महासागरात वादळात काही कंटेनर पडले. त्यांतल्या एकात आंघोळीच्या वेळी खेळायची २८,८०० प्लॅस्टिकची खेळणी होती: पिवळी बदके, निळी कासवे, हिरवे बेडूक आणि लाल बीव्हर. त्याच वर्षी नोव्हेंबरात पहिली काही खेळणी अलास्कातील सिटका गावाजवळ किनाऱ्याला लागली, सुमारे ३,२०० किलोमीटर दूर. कर्टिस एबसमेयर आणि जेम्स इनग्राहम या समुद्रशास्त्रज्ञांनी ती कुठे कुठे सापडतात याची नोंद ठेवून सागरी प्रवाहांचा अभ्यास केला. वर्गात लगेच भागाकार झाला: दहा महिन्यांत ३,२०० किलोमीटर, म्हणजे दिवसाला साधारण दहा. "एवढं तर मी सायकलने जातो," असे मागच्या बाकावरून उत्तर आले.

तिसऱ्या तासाला लेखन. निबंध नाही, पोस्टकार्डे. ठकी प्रत्येक मुक्कामाहून चार-पाच ओळी लिहिते. कार्डावर जागा कमी, त्यामुळे उपदेशाला जागाच उरत नाही. आणि येथे आपला खरा प्रश्न समोर येतो. आपली मुले घरी मराठी बोलतात, पण रस्त्यावरचे आणि पाण्याचे शब्द त्यांना हिंदीतच सुचतात. "ठकी नालीत गिरली आणि बहून गेली, पुलियाच्या खाली कीचडात फसली." वाक्य जिवंत आहे, लाल शाईने ते मारू नये. फळ्यावर एका बाजूला मुलांचे शब्द लिहिले आणि दुसरी बाजू रिकामी ठेवून ती घरी विचारून भरायला सांगितली. दुसऱ्या दिवशी गटार, मोरी, ओहोळ, ओढा, चिखल, गाळ, पूर, काठ, डोह असे शब्द आले. 'भंवर'साठी एका आजोबांनी 'भोवरा' दिला तेव्हा वर्ग हसला, कारण भोवरा तर खेळणे! मग एकाने लिहिले की ठकीला पाण्यात एक भोवरा भेटला आणि तिला वाटले, हाही कोणाचा तरी हरवलेला. हा विनोद फक्त मराठीतच होऊ शकतो.

एक काळजी घ्यावी लागते. ज्या मुलाचे खेळणे खरोखरच आणि नुकतेच हरवले आहे, त्याला हा खेळ वाटत नाही. एका मुलीने कार्ड कोरे ठेवले. तिची बाहुली रेल्वेत राहिली होती आणि ती आजीने शिवलेली होती. अशा वेळी "सापडेल हं" म्हणू नये. जर्मन भाषेतील लेखक फ्रान्झ काफ्का यांच्याबद्दल त्यांच्या सहचारिणी डोरा डायमंट यांनी सांगितलेली एक आठवण आहे. १९२३ मध्ये बर्लिनच्या एका बागेत बाहुली हरवल्याने रडणारी मुलगी त्यांना भेटली. बाहुली प्रवासाला गेली आहे, तिचे पत्र आले आहे, असे सांगून ते काही आठवडे तिला रोज एक पत्र लिहून वाचून दाखवत राहिले. ती पत्रे आजवर कोणाला सापडलेली नाहीत. मला त्यातले महत्त्वाचे हे वाटते की बाहुली परत येते असे त्यांनी लिहिले नाही. पत्रापत्राने ती मोठी होत गेली, नवी माणसे जोडत गेली आणि अखेर लग्न करून दूर राहिली. मुलीला निरोप घ्यायला तेवढे दिवस मिळाले. त्या वेळी काफ्का स्वतः क्षयाने आजारी होते, पुढच्याच वर्षी ते वारले.

कोरे कार्ड आठ दिवसांनी माझ्या टेबलावर आले. त्यावर लिहिले होते: "मी खिडकीजवळ बसले आहे. इथे आंध्रा का कर्नाटक ते माहीत नाही. एका बाळाने मला धरले आहे. आजीला सांग, टाके अजून पक्के आहेत."

पालकांना दोन विनंत्या. पावसाळ्यात मुलांना नाल्याकाठी नेऊ नये, आणि प्रयोग म्हणून कोणतेही खेळणे पाण्यात सोडू नये. नकाशा आणि टब पुरतात. कार्ड घरी आले तर शुद्धलेखन तपासू नका, ते आम्ही पाहू. मात्र एखादा शब्द अडला तर घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारायला पाठवा.