मालकाचा वाटा

आपल्या परभणी जिल्ह्यात पूर्वी सुगीची ज्वारी पेवात साठवीत आणि ज्या वर्षी पाऊस ओढ देई, त्या वर्षी पेव उघडीत. शेतकऱ्याच्या वाईट दिवसांची तरतूद अशी त्याच्या दाराशीच असे. परंतु महिन्याच्या पगारावर जगणाऱ्याने म्हातारपणाचे पेव कोठे भरावे? ज्या विद्यार्थ्यांचे आईवडील कारखान्यात अगर खाजगी कचेरीत कामास आहेत, त्यांनी पगारपत्रकावर ‘भविष्यनिर्वाह निधी’ हे सदर पाहिले असेल. हेच ते पेव होय. आणि ते एकट्या कामगाराने नव्हे, तर मालकानेही भरावयाचे असते.

या निधीचा कायदा १९५२ साली झाला. प्रारंभी कापड, लोखंड-पोलाद, सिमेंट, कागद वगैरे सहाच उद्योगांतील, ५० वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांस तो लागू होता. कामगाराने रुपयामागे एक आणा, म्हणजे शेकडा सव्वासहा, द्यावा आणि मालकाने तितकीच भर घालावी, असा नियम होता. १९६० साली ५० ची मर्यादा २० वर आली. १९९७ साली बहुतेक उद्योगांत दोघांचाही वाटा शेकडा १२ झाला.

आता हिशेब पाहू. एखाद्या कामगारास मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १०,००० रुपये मिळतात असे धरा. त्याच्या पगारातून १,२०० रुपये वजा होतात आणि मालक आपले १,२०० घालतो. मालकाच्या रकमेपैकी शेकडा ८.३३, म्हणजे ८३३ रुपये, १९९५ साली सुरू झालेल्या निवृत्तिवेतन योजनेत जातात व उरलेले ३६७ निधीत पडतात. येणेप्रमाणे निधीत दरमहा १,५६७ आणि वर्षास १८,८०४ रुपये जमतात. शिवाय व्याज निराळे. २०२३-२४ साली ते शेकडा ८.२५ होते.

निवृत्तिवेतनाची रीत अशी: अखेरच्या पाच वर्षांच्या सरासरी पगारास नोकरीच्या वर्षांनी गुणावे व ७० ने भागावे. वरील कामगाराची १४ वर्षे भरली, तर वयाच्या ५८ व्या वर्षापासून त्यास दरमहा २,००० रुपये मिळतील. मात्र त्यासाठी निदान १० वर्षांची नोकरी लागते.

पुष्कळांस वाटते की, मालकाचा वाटा ही त्याची मेहेरबानी आहे. ही समजूत चुकीची होय. ती कामगाराच्या श्रमाचीच, परंतु पुढे मिळणारी, मजुरी आहे. म्हणूनच या वाट्याच्या निमित्ताने पगार कमी करण्यास कायद्याने मनाई केली, आणि महिना संपल्यावर १५ दिवसांच्या आत दोन्ही वाटे भरण्याचे बंधन मालकावर घातले. मजुरांचे वेतन अडकवून ठेवणाऱ्या धनवंतांस पवित्र शास्त्रात याकोबाने कठोर शब्दांत बजाविले आहे, तेही येथे आठवते.

परंतु हक्क असून भागत नाही. त्यावर लक्ष हवे. पगारातून रक्कम कापली गेली, एवढ्यावरून ती निधीत पोचलीच असे समजू नये. २०१४ पासून प्रत्येक सभासदास १२ अंकी कायम क्रमांक मिळतो. त्याच्या आधारे पासबुक मोबाइलवरही पाहता येते. दुसरी चूक याहून घातक आहे. नोकरी बदलली की कित्येक जण सारी रक्कम काढून घेतात. दहा वर्षे पुरी होण्यापूर्वी निवृत्तिवेतनाचीही रक्कम काढली, तर मागील नोकरीची वर्षे पुढील हिशेबातून जातात. बियाणेच दळून खाण्यासारखे हे आहे.

आमच्या जिल्ह्यात कापूस वेचणाऱ्या आया-बहिणी आणि लहान दुकानांतील नोकर पुष्कळ आहेत. त्यांच्या पेवात दुसरा वाटा घालणारा मालक बहुधा नसतो. त्यांच्यासाठी २०१५ साली अटल पेन्शन योजना निघाली खरी, पण तीत हप्ता ज्याचा त्यानेच भरावयाचा असतो. मालकाच्या वाट्याचे मोल यावरून ध्यानी यावे.

विद्यार्थ्यांनी १२,००० रुपये पगारावर हाच हिशेब करून पाहावा आणि मग वडिलांजवळ किंवा आईजवळ बसून त्यांचे पासबुक उघडावे. मालकाचा वाटा दरमहा जमा झाला आहे की नाही, हे त्यांस वाचून दाखविले, तर या पाठाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.