धुराड्यातून न दिसणारा गंधक



नववीच्या वर्गात आम्ही हवेच्या प्रदूषणाचा धडा घेत होतो. औष्णिक विद्युत केंद्राचे चित्र पाहून एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, धुराड्यातून काळा धूर तर दिसतच नाही. मग हवा स्वच्छच राहते ना?" प्रश्न चांगला होता. उत्तर पालकांनाही उपयोगी पडेल, म्हणून येथे देत आहोत.

काळा धूर दिसत नाही, कारण केंद्रात उच्च दाबाच्या विजेने राखेचे कण ओढून घेतले जातात. पण ही यंत्रणा कण पकडते, वायू नाही. कोळशातला गंधक जळून तयार होणारा सल्फर डायऑक्साइड हा रंगहीन वायू तिच्यातून सरळ निघून जातो.

तो किती असतो? घरचाच हिशेब करू. समजा, महिन्याला १५० युनिट वीज लागली आणि ती सगळी कोळशापासून आली. युनिटला साधारण ७०० ग्रॅम धरले, तर सुमारे १०० किलो कोळसा जळाला. भारतीय कोळशात गंधक साधारण अर्धा टक्का असतो, म्हणजे अर्धा किलो. गंधकाचे अणुवस्तुमान ३२ आणि त्याला जोडल्या जाणाऱ्या ऑक्सिजनच्या दोन अणूंचे मिळूनही ३२. म्हणजे वजन दुप्पट! थोडा गंधक राखेत राहतो हे सोडले, तर एका घरामागे महिन्याला जवळजवळ एक किलो वायू हवेत जातो.

पुढे काय होते? हवेत आणि ढगांच्या थेंबांत या वायूचे सल्फ्युरिक आम्ल बनते. ते पावसाबरोबर खाली आले की आम्लवर्षा होते. शेतातून, गोठ्यातून, खतांतून येणारा अमोनिया त्याला भेटला की अमोनियम सल्फेटचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. ते फुफ्फुसात खोलवर शिरतात आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. धुराडे २७५ मीटर उंच बांधले तर जवळच्या गावाचा त्रास कमी होतो, पण गंधक नाहीसा होत नाही. वस्तुमान अक्षय्यतेचा नियम धुराड्यालाही लागू आहे.

मग उपाय? संगमरवराची इमारत या वायूने झिजते, कारण दगडातील कॅल्शियम कार्बोनेटचे जिप्सम होते. हीच क्रिया केंद्रातच, मुद्दाम घडवून आणायची! चुनखडीच्या भुकटीचे पाणी धुरावर फवारले की वायू त्यात अडकतो आणि जिप्सम मिळते. ते सिमेंटला व भिंतींच्या तक्त्यांना उपयोगी पडते. मुंबईत ट्रॉम्बे येथे यासाठी समुद्राचे किंचित आम्लारिधर्मी पाणी वापरले गेले.

आपल्या देशात डिसेंबर २०१५ मध्ये या वायूची मर्यादा ठरली आणि ती पाळण्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली गेली. मुदत पुनःपुन्हा वाढली. जुलै २०२५ च्या अधिसूचनेने मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या बहुसंख्य केंद्रांना, धुराड्याच्या उंचीची अट घालून, या मर्यादेतून सूट दिली. आपल्या कोळशात गंधक कमी आहे आणि यंत्रणा महाग आहे, असे सूट देणाऱ्यांचे म्हणणे. सूक्ष्म कण शहराची हद्द पाहून थांबत नाहीत, असे विरोध करणाऱ्यांचे म्हणणे. दोन्ही बाजू वाचा, पण वरचा हिशेब हाताशी ठेवून वाचा.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला आमचे उत्तर असे: दिसत नाही म्हणजे नाही, असे समजू नये. गंधक एकतर जिप्समच्या पोत्यात जाईल, नाहीतर कुणाच्या तरी श्वासात.

करून पाहा : घरचे विजेचे बिल घ्या व वरील रीतीने आपल्या घरामागचा वायू काढा. चुनखडीचे रेणुवस्तुमान १०० आणि सल्फर डायऑक्साइडचे ६४ धरून, एक किलो वायू पकडायला किती चुनखडी लागेल ते सांगा. (उत्तर : सुमारे १.५६ किलो.)