ब्लू-रे डिस्क संगणकावर घेताना फॉरमॅट कोणता निवडाल?



शाळेच्या स्नेहसंमेलनाची ब्लू-रे डिस्क कपाटात पडून असते. नव्या लॅपटॉपला तर डिस्क घालायची सोयच नसते. डिस्कवर खोल ओरखडा पडला की मुलांची आठवण गेलीच! म्हणून ती वेळीच संगणकावर घ्या. पण फॉरमॅट कोणता?

आधी एक फरक समजून घेऊ. एमकेव्ही आणि एमपी४ हे झाले डबे. एच.२६४, एच.२६५ म्हणजे डब्यात चित्र दाबून भरायच्या पद्धती.

१) जपून ठेवायची प्रत : एमकेव्ही. डिस्कवरचं चित्र पुन्हा न दाबता जसंच्या तसं राहतं. मात्र एका थराच्या डिस्कमध्ये २५ जीबीपर्यंत मजकूर असतो, तेवढी जागा हवी.

२) वर्गात, मोबाईलवर दाखवायची प्रत : एमपी४ मध्ये एच.२६४. जवळपास सगळीकडे चालते.

३) जागा कमी असल्यास : एच.२६५. फाईल बरीच लहान होते, पण जुन्या टीव्हीवर चालेलच असं नाही.

लक्षात ठेवा, एफएटी३२ पेनड्राईव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. तिथे दुसरी प्रतच कामाची.

आणि एकदा दाबलेलं चित्र पुन्हा मूळ रूपात येत नाही. म्हणून पहिली प्रत पुसू नका.