बोकड तुझे, काटाही तुझाच

अगं, काल फोनवर तुझ्या मागे सगळे बसलेले होते, म्हणून मोकळं बोलता आलं नाही. आता निवांत लिहिते. तू विचारलंस, बाहेरदेशात बैल बांधून, खुराक घालून वजनावर विकतात, तसं आपल्याला जमेल का? सरळ सांगते, नाही. गाईच्या कत्तलीला आपल्या राज्यात 1976च्या कायद्यानेच बंदी होती आणि मार्च 2015 पासून बैल-वळूही त्यात आले. म्हशी-रेड्यांची गोष्ट वेगळी, पण त्याला दाखले लागतात आणि तो धंदा घरच्या अंगणातला नव्हे. तेव्हा तो नाद सोड.

विचार मात्र तुझा चांगला आहे. जनावर बांधून वाढवायचं आणि किलोवर विकायचं, हे आपल्या निफाडात बोकडांवर बसतं. गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही, पैसा अडकतो तो थोडा, आणि घरातल्या बाईच्या हाताखाली राहील एवढंच काम असतं.

पहिल्या वर्षी दहाच घे. संगमनेरी ही आपल्या नाशिक-नगरकडचीच जात, नाहीतर काळी उस्मानाबादी बघ. सोजत-सिरोहीचे लांब कान बघून भाळू नकोस. महागाचा जीव आधी हात बसल्यावर आणावा. दूध तुटलेली, तीन-चार महिन्यांची, बारा किलोच्या आसपासची करडं घे. नाक वाहतंय, शेपटीखाली घाण लागलेली आहे, असं करडू फुकट मिळालं तरी दारात आणू नकोस. आणलेली करडं दोन-तीन आठवडे वेगळी बांध, मगच गोठ्यात सोड.

शेडवर पैसे घालू नकोस. बोकडामागे दहा चौरस फूट छप्पर आणि त्याच्या दुप्पट मोकळी जागा पुरते. पण दोन गोष्टींत काटकसर नको. एक म्हणजे मोकळ्या जागेवर वरूनही जाळी हवी. गोदाकाठचा ऊस म्हणजे बिबट्याचं घर आणि नुसत्या कुंपणावरून तो सहज उडी मारतो. दुसरं, निफाडची थंडी. राज्यातला नीचांकी आकडा कितीदा आपल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर नोंदवला जातो, हे पेपरात वाचतेसच. डिसेंबर-जानेवारीत गोणपाटाचे पडदे सोड आणि खाली जमीन कोरडी ठेव. ओल्यात बसलेल्या करडाला खोकला लागतोच.

आता चारा. आपल्या तालुक्यात फुकटचा चारा जागोजागी दिसतो आणि त्यातच माणूस फसतो. चाळीतला सडका कांदा ‘जनावराला घाला’ म्हणून कोणीही देईल. कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी कॉफीसारखी होते. गाईला हे लवकर बाधतं. शेळी जरा जास्त सोसते, पण सोसते म्हणून पोटभर घालायचा नसतो. द्राक्षबागेत छाटणी झाली की पानाफांद्यांचे ढीग पडतात. त्यावर कसली फवारणी झाली आणि कधी झाली, हे बागवाल्याला विचारल्याशिवाय एक काडी उचलू नकोस. उसाचं वाढं नुसतं पोट भरतं, अंगाला लागत नाही, शिवाय शरीरातलं कॅल्शियम ओढून घेतं. अधूनमधून चालेल, रोजचं नको.

रोजचं काय, ते लिहून ठेव. वीस किलोच्या बोकडाला हिरवा चारा दोन-अडीच किलो, कोरडा अर्धा किलो. हिरव्यात घास, शेवरी, मका, बांधावर लावलेलं फुले जयवंत गवत. सुबाभूळ घातलंस तर हिरव्याच्या तिसऱ्या हिश्शावर जाऊ देऊ नकोस. कोरड्यात सोयाबीन नाहीतर हरभऱ्याचं भुसकट. सकाळी दवातला कोवळा घास तसाच टाकू नकोस, पोट फुगतं; आदल्या दिवशी कापून सुकव आणि आधी भुसकट खाऊ दे. चारा जमिनीवर नको, गव्हाणीत दे. पायदळी गेलेलं शेळी तोंडात घेत नाही आणि निम्मा चारा खतात जातो.

खुराक घरीच कालव. दहा किलोत मक्याचा भरडा चार, शेंगदाणा पेंड अडीच, तूर-हरभऱ्याची चुनी दोन, गव्हाचा कोंडा सव्वा, आणि उरलेल्या पाव किलोत खनिज मिश्रण व मीठ. सुरुवात मूठभरापासून कर आणि आठ-दहा दिवसांत दोनशे ग्रॅमवर ने. ‘बकरी ईद जवळ आली’ म्हणून एकदम घमेलं भरून धान्य पुढे ठेवलंस तर पोटात आम्ल होऊन जनावर आडवं पडेल. दाण्यावरच्या नराला मूतखड्याचाही त्रास होतो. बोकड कुंथतोय, लघवी थेंबथेंब येतेय असं दिसलं तर सकाळची वाट बघू नकोस, डॉक्टरांना बोलाव. स्वच्छ पाणी सतत समोर असलं आणि खुराकात मीठ असलं की हे पुष्कळ टळतं.

लसीचं विसरू नकोस. आंत्रविषार रात्रीत मारतो आणि नेमका सगळ्यात खादाड, सगळ्यात टवटवीत बोकड नेतो. पावसाळ्याच्या आधी लस दे, पहिल्यांदाच देत असशील तर दोन-तीन आठवड्यांनी परत. पीपीआरची वेगळी. सरकारी दवाखान्यात चौकशी कर आणि तुमच्या बचतगटात ‘उमेद’ची पशुसखी असेल तर तिच्याशी मैत्री कर. जंताचं औषध वजन बघूनच पाजायचं.

आणि आता मुद्द्याचं. या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे वजनकाटा. आढ्याला टांगायचा साधा स्प्रिंगचा काटा घे आणि गोणपाटाची झोळी शिव. पोटाखालून झोळी घालायची, चारही पाय सुटले की करडू क्षणभर धडपडतं आणि मग गप्प लोंबकळतं. तेवढ्यात आकडा वाचायचा. दर महिन्याच्या एकाच तारखेला, सकाळी चाऱ्याच्या आधी. कानाला नंबर आणि वहीत त्या नंबराचं पान.

हिशेब बघ. रोज दोनशे ग्रॅम म्हणजे महिन्याला सहा किलो खुराक. समज, किलोला तीस रुपये पडले, तर एकशेऐंशी रुपये झाले. जिवंत वजनाला चारशेचा दर धर. दोन किलो वाढलेला बोकड आठशे रुपये देतो. अर्धाच किलो वाढला तर हातात दोनशे, म्हणजे चारा आणि तुझी मेहनत पाण्यात. डोळ्यांना दोघंही सारखेच दिसतात! फरक वहीच सांगते. सलग दोन महिने वाढला नाही, जंताचं औषधही झालं, तर तो विकून टाक. त्याच्यावर जीव लावत बसू नकोस.

ईदचं गणित वेगळं. 2024ला ती 17 जूनला होती, 2025ला 7 जूनला. दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. कुर्बानीचा बोकड वर्षाचा पुरा झालेला लागतो. म्हणजे मेअखेरच्या ईदसाठी आदल्या मार्च-एप्रिलात जन्मलेली करडं जुलै-ऑगस्टात गोठ्यात हवीत. आधी चाऱ्यावर हाड वाढू दे, भारी खुराक शेवटच्या तीन महिन्यांत. लंगडा, कानतुटका, शिंग मुळातून मोडलेला चालत नाही, म्हणून मोठे झालेले झुंजार नर वेगळे बांध.

व्यापारी दारात येईल, पाठीवरून हात फिरवेल आणि म्हणेल, “असेल ताई, पंचवीस किलोचा.” भांडू नकोस. झोळी अडकव आणि आकडा त्यालाच वाचायला सांग. लेंडीखतही फुकट देऊ नकोस, बागायतदार पैसे मोजून नेतात.

एक शेवटचं, फक्त तुझ्यासाठी. पाहुणे चांगले आहेत, त्यांच्याविषयी मनात काही नाही. पण आपल्याकडे शेण बाई काढते, चारा बाई कापते, आणि विक्रीच्या दिवशी पैसे मोजायला भलतंच कोणी उभं राहतं. म्हणून खातं तुझ्या नावावर काढ, वही तुझ्या अक्षरात ठेव आणि सौदा तुझ्यासमोर होऊ दे. सासूबाईंनाही वही दाखव. आकडे दिसले की घरातला विरोध निम्मा होतो.

या महिन्यात बोकड घेऊ नकोस. आधी बांधावर शेवरी आणि गवत लाव, काटा आण, वहीला पुठ्ठा घाल. चारा कापायला आला की मला कळव, करडं निवडायला मी येते.