जुन्या मुक्कामी व्हॅनची बाह्य निगा

आदिलाबाद जिल्ह्यातील काळ्या मातीच्या वाटांवर फिरणाऱ्या, पौषात केसलापूरच्या नागोबा जत्रेस मुक्कामी जाणाऱ्या जुन्या व्हॅनच्या पत्र्यास दोन शत्रू आहेत : प्रखर ऊन व साचलेला चिखल. उन्हाने रंग निस्तेज होतो, तर ओल्या चिखलाखाली पत्रा गंजतो.

वाळलेला चिखल कोरड्या फडक्याने पुसू नये. त्यातील कणांनी रंगावर ओरखडे उमटतात. व्हॅन सावलीत उभी करून चिखल भिजवावा आणि सौम्य साबणाने छतापासून खाली धुवावे. मडगार्डची आतील बाजू व दारांच्या तळाशी असलेली निचऱ्याची छिद्रे मोकळी करावीत.

मेण हा गंजावरील उपाय नव्हे. मेणाने गंज केवळ झाकला जातो. आत तो वाढतच राहतो. म्हणून प्रथम ओल्या वॉटरपेपरने घासून स्वच्छ धातू उघडा करावा. तो कोरडा होताच रेड ऑक्साइड प्रायमर व त्यावर रंग द्यावा. जुन्या रंगात शिसे असू शकते. सबब मुखपट्टी वापरावी व मुलांस दूर ठेवावे.

निस्तेज रंग रबिंग कंपाउंडने हलक्या हाताने उजळावा. नवा रंग पक्का झाल्यावरच मेणाचा पातळ थर द्यावा. हे काम दरवर्षी मृगापूर्वी उरकल्यास पत्रा दीर्घकाळ टिकतो.